तू, तुम्ही आणि वेगळी चूल

१३ जुलै १९९७, रवि.

केतकी आज कार्डिफहून आली ती पिशवीभर पत्रकं घेऊन. बूट काढायच्या आधी फ्रिजवर स्टिकर लावला. लाल ड्रॅगन, खाली ‘यस’. सप्टेंबरात मतदान आहे, वेल्सला स्वतःची असेंब्ली हवी की नको. शाळेला सुट्टी लागली की दारोदार फिरणार म्हणते. पंचवीस वर्षांची मास्तरीण, पण उत्साह तिच्या वर्गातल्या पोरांचा.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून स्टिकर वाचला, नखाने हलकेच सोलला आणि मागे जाऊन कंपोस्टच्या डब्याला चिकटवला. “आता योग्य जागी लागला.”

के. हसली. मी पण. जेवायला पीठ पेरून लीक, आमटी, पोळ्या. शेजारच्या ग्विलिमच्या वाफ्यातले पहिले कोवळे लीक. कांद्याच्या पातीऐवजी ही जाड पात बरी पडते, हे मला या देशात येऊन सहा वर्षांनी कळलं. तोवर नुसतं सूप.

निघताना के.ने दुसरा स्टिकर काढून ह्यांच्या गाडीला मागून लावला. त्यांना अजून दिसलेला नाही. मी कशाला सांगू?

२२ जुलै, मंगळ.

सर्जरीत, म्हणजे ह्यांच्या दवाखान्यात, आज तापापेक्षा असेंब्लीचीच साथ. सरकारने योजनेचा कागद काढला आहे. रिसेप्शनच्या खिडकीत बसून मी सगळ्यांची मतं ऐकते आणि सगळ्यांना “ओ, आय सी” म्हणते. अर्धे म्हणतात, अजून पुढारी कशाला, आहेत ते पुरेत. अर्धे नुसते खांदे उडवतात.

ग्विलिम बीपी दाखवायला आला. एक्क्याऐंशी वर्षांचा. चौदाव्या वर्षी खाणीत उतरला तो साठीला वर आला. एकोणसत्तर साली आम्ही खाणींच्या या व्हॅलीत आलो तेव्हा ह्यांचा पहिला पेशंट हाच. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“मागच्या खेपेच्या मतदानात, एकोणऐंशीला, मी ‘नो’ दिलं,” ग्विलिम म्हणाला. “घाबरलो. आणि मग खाणी बंद झाल्या, त्या काही आम्हाला विचारून नाही झाल्या, डॉक्टर बाख.”

हे म्हणाले, “पण ग्विलिम, देश एवढासा.”

“बाख म्हणजे काय?” ग्विलिमने विचारलं.

“लहान.”

“आणि तुम्ही सहा फूट. मग मी अठ्ठावीस वर्षं तुम्हाला बाख का म्हणतो?”

लाडाने म्हणतो, हे ह्यांना चांगलं माहीत आहे. आपण ‘बाळ’ म्हणावं तसं. बीपी दोघांचंही वाढलं असणार, मोजलं एकाचंच.

२७ जुलै, रवि.

आज जुंपली. म्हणजे अजून हसतखेळत, पण धार आली आहे.

हे: “आज असेंब्ली, उद्या झेंडा, परवा वेगळी चूल. मला माहीत आहे कुठे जातं ते.”

के.: “परवा नाही बाबा. पण कधीतरी हो. इंडिपेंडंट. व्हाय नॉट? तुम्हाला कशाला भीती वाटते?”

हे: “ही व्हॅली लंडनहून येतं त्यावर जगते. उद्या वेगळे झालात तर माझ्या पेशंटांना औषध कोण देणार, ड्रॅगन?”

के.: “आणि शंभर वर्षं कोळसा कुठे गेली? लंडनलाच ना?”

“गेला,” हे म्हणाले. “कोळसा गेला.” पोरीच्या मराठीतलं लिंग दुरुस्त केल्याशिवाय ह्या माणसाला घास गिळत नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, “बेळगावात कॉलेजात असताना मोर्च्यात लाठी कशासाठी खाल्लीत मग? लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मला वळ दाखवला होतात.” के. टाळ्या वाजवायला लागली. हे ताटावरून उठले आणि ग्विलिमच्या लीकना पाणी घालायला गेले. पाऊस पडत होता.

भांडी पुसताना मग आपणहून बोलले. “आम्ही रेघ हलवा म्हणत होतो. नवी काढा म्हणत नव्हतो.” वडिलांची आठवण निघाली आणि बराच वेळ एकच बशी पुसत राहिले. “अण्णांचं घर हललं नाही, शाळा हलली नाही, टेबलसुद्धा तेच. रेघ तेवढी हलली आणि अण्णा आपल्याच गावात परके झाले. मराठी शाळेचा मास्तर. रिटायर होईपर्यंत मान खाली घालून शाळेत जायचे.”

बशी मी त्यांच्या हातून काढून घेतली.

“ब्रिटिश व्हायला फॉर्म होता. भरला, झालो. वेल्श व्हायचा फॉर्म कुठे मिळतो, सांग मला. हे लोक वेगळे झाले की आपण कोण?”

मी कोल्हापूरची. रेघेच्या बिनधोक बाजूची. चेष्टा करायला माझं काय जातं? आज मला माझीच लाज वाटली.

५ ऑगस्ट, मंगळ.

लंडनकडच्या, हॅरोच्या वन्संचा फोन. “काय गं, तुमच्याकडे यायला आता व्हिसा लागणार का?” म्हटलं, लागेल, आणि तुम्हाला मिळणार नाही. खो-खो हसल्या.

गाडीवरचा स्टिकर ह्यांना काल दिसला. तीन आठवडे ‘यस’ मिरवत व्हॅलीभर घरभेटी दिल्या! आता कळलं पेशंट एवढे का हसत होते ते. काढला मात्र नाही. म्हणतात, गाडीचा रंग निघेल.

१५ ऑगस्ट, शुक्र.

पन्नास वर्षं. कार्डिफला हॉलमध्ये कार्यक्रम. झेंडा, समोसे, बायका सगळ्या केशरी-पांढऱ्या-हिरव्यात. ह्यांचं भाषण. खरंच चांगलं बोलले. लहानपणी पहिला झेंडा पाहिला ते सांगितलं, अण्णांच्या खांद्यावरून. लोकांचे डोळे भरले. “लोक म्हणायचे, ह्यांना राज्य चालवता येणार नाही. दाखवलं ना चालवून?” टाळ्या.

खाली उतरले तर के. समोर. “बाबा, सेम थिंग. तेच तर मी दारोदार सांगते. वेल्सला चालवता येणार नाही असं तुम्हीच म्हणता.”

चारचौघांत नको, म्हणून गाडीत बसलो. तिला तिच्या फ्लॅटवर सोडायचं होतं, दहा मिनिटांचा रस्ता. मला वाटलं, दहा मिनिटांत काय होणार आहे?

हे म्हणाले, “त्यांची वाटणी त्यांना करू दे. आपण पाहुणे आहोत, केतकी. पाहुण्याने घरच्यांच्या वाटणीत बोलू नये.”

“पाहुणे तुम्ही. मी इथे बॉर्न झाले. ही माझी देश आहे!”

आणि हे, स्टिअरिंगवर हात, समोर बघत, शांतपणे: “हा माझा देश. देश पुल्लिंगी.”

लाल सिग्नलला के.ने दार उघडलं आणि उतरून गेली. साडी सावरत, वळून न बघता. हे म्हणाले, “मी काय चूक सांगितलं?” मी घरी येईपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर तीस वर्षांचं सगळं बोलले असते.

१७ ऑगस्ट, रवि.

आली नाही. पोळ्या उरल्या.

२० ऑगस्ट, बुध.

मतदानाची कार्डं आली. दोन. माझा पासपोर्ट अजून भारताचा, तरी मला मत आहे. कॉमनवेल्थची बाई, इथे राहते, म्हणून. हे कार्ड मी ह्यांच्या चहाच्या कपाला टेकवून ठेवलं. “पाहुण्यांना वाटणीत मत देतात का हो कुठे?”

वाचलं. पाठपोट वाचलं. “तू वकील व्हायला हवी होतीस,” म्हणाले, आणि चहा थंड करून प्याले.

२४ ऑगस्ट, रवि.

आली नाही. फोन माझ्याशी, दोन मिनिटं, घाईत. पत्रकं वाटतेय, घसा बसलाय. “बाबांना सांग मी ओके आहे.” मी म्हटलं, तूच सांग. “नको.”

हे शेजारी पेपर उलटा धरून वाचत होते. उलटा नाही, पण पान तेच होतं, अर्धा तास.

२७ ऑगस्ट, बुध.

मीच मागे लागले. गणपती पाच तारखेवर आले. दरवर्षी मागच्या अंगणातली माती मळून मूर्ती ती करते, चार वर्षांची होती तेव्हापासून. सोंड करायला अजून कोणाला हात लावू देत नाही. म्हटलं, मोठे आहात, फोन तुम्ही करा.

दुपारी केला. घरी नव्हती, निरोपाचं मशीन लागलं. हे मशीनसमोर घसा साफ करून उभे राहिले, जसे काही हेल्थ ऑथॉरिटीचा माणूस ऐकतोय, आणि चक्क वेल्शमध्ये बोलले! “अदिख खी वेदी बुइटा?” आणि ठेवला.

मी बघतच राहिले. “जेवलीस का, असं विचारलं,” म्हणाले. कान लाल. “तिच्या भाषेत. बरं नं?”

ह्यांना वेल्श येतं ते एवढंच. कुठे दुखतं, किती दिवस झाले, आणि हे. रक्त काढायला उपाशीपोटी आलेल्या म्हाताऱ्यांना विचारायला शिकले. पण म्हणाले किती प्रेमाने! मला भरून आलं. संध्याकाळी शिरा केला.

२८ ऑगस्ट, गुरु.

शिरा वाया.

के.चा फोन सर्जरीतच, मी दोन पेशंटांच्या मध्ये. आवाज रडवेला. “आई, बाबा माझी चेष्टा करतात. मला ‘तुम्ही’ म्हणाले. मशीनवर. तुम्ही जेवलात का!”

आधी कळेच ना. मग ट्यूब पेटली. वेल्शमध्येही आपल्यासारखंच तू-तुम्ही आहे. टी म्हणजे तू, खी म्हणजे तुम्ही. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, राजाला आणि कुत्र्याला. के. सात वर्षांची असताना वेल्श शाळेतून धावत आली होती, “आई, तुम्ही म्हणजे खी! मग आधी का नाही सांगितलं?” तोवर ती आल्यागेल्या सगळ्यांना तू म्हणायची, ह्यांच्या सीनियर डॉक्टरांनासुद्धा. माझं शिकवणं फुकट गेलं आणि वेल्श बाईंनी एका दिवसात तिला ‘बाबा, तुम्ही’ म्हणायला शिकवलं.

आणि आता बापाने लेकीला तुम्ही म्हटलं. आपल्यात बाप मुलीला तुम्ही कधी म्हणतो? टोमणा मारायचा असला की. ‘अहो, मोठे झालात तुम्ही.’ वेल्श कानाने ऐकलं आणि मराठी काळजाला लागलं.

मी म्हटलं, “अगं, ते पेशंटना तसंच विचारतात. त्यांना टी येतच नाही.”

“अठ्ठावीस वर्षं राहून टी येत नाही? आणि मला देश पुल्लिंगी!” ठेवला.

ह्यांना सांगितलं नाही. काय सांगू? माणूस अजून विचारतोय, “फोन आला का? हसली का?”

३१ ऑगस्ट, रवि.

राजकुमारी गेली. पॅरिसला, गाडीचा अपघात. सकाळी रेडिओवर ऐकलं. दोन लहान मुलं मागे. चॅपलमधून येताना बायका रस्त्यात उभ्या राहून रडत होत्या. मीही रडले. मी तिला ओळखत नव्हते, पण आई होती.

प्रचार सगळा थांबवला म्हणे, दोन्ही बाजूंनी. के.चा फोन, पहिल्यांदाच नीट बोलली. पण बाबांविषयी अक्षर नाही.

३ सप्टें., बुध.

न राहवून ग्विलिमला सांगितलं. मला दुसरं कोण आहे? वेल्श आणि ह्यांचा स्वभाव, दोन्ही जाणणारा तोच. कुंपणापलीकडे लीकना माती लावत होता. सगळं ऐकलं आणि खोकला येईपर्यंत हसला. मग फावडं मातीत रोवलं.

“चूक माझी,” म्हणाला. “अठ्ठावीस वर्षं मी डॉक्टरना खीच म्हणत आलो. त्यांनी टी ऐकला कुठून असेल? खाणीतल्या घोड्याला मी टी म्हणायचो. देवाला टी म्हणतो. डॉक्टरना नाही.”

“का नाही?”

“आधी मान म्हणून. मग सवय म्हणून.” फावड्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. “आणि पाहुणे आहेत म्हणून कदाचित. ते तसे वागतात. बसा म्हटल्याशिवाय अजून बसत नाहीत माझ्याकडे.”

हे मला लागलं. खरं आहे म्हणून लागलं.

५ सप्टें., शुक्र.

गणपती बसले. मूर्ती मी केली. आमच्या अंगणातल्या मातीत कोळशाची चुरी, हात दोन दिवस काळे. सोंड वळता वळता उजवीकडे गेली. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, सोवळं-ओवळं फार. हे म्हणाले, “राहू दे. घरात एक कडक आहेच, त्याला सोबत.” त्यांनी स्वतःवर केलेला विनोद मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

के. आली नाही. तिचा पाट ह्यांनीच मांडला, तिच्या नावाची वाटी ठेवली, आरतीला दोनदा खिडकीतून बघितलं. एकवीस मोदकांतले अकरा ग्विलिमकडे पाठवले. तो मोदकाला स्वीट डंपलिंग म्हणतो.

मग मी सांगून टाकलं, खी आणि टीचं. ऐकताना चेहरा कसा होत गेला! “म्हणजे मी तिला अहो-जाहो केलं? केतकीला?” मोदक हातातच. “म्हणजे तिला वाटलं, मी...” मोदक ताटात परत ठेवला. “आणि मी तिचं व्याकरण काढतो.”

६ सप्टें., शनि.

दीड दिवसाचं विसर्जन. राजकुमारीची अंत्ययात्रा आज, दुकानं बंद, रस्ते ओस. दुपारी दार वाजलं तर के.! “बाप्पासाठी आलेय,” आधीच सांगून टाकलं. काळा ड्रेस, डोळे सुजलेले. मूर्ती बघून म्हणाली, “आई, सोंड राँग साइडला आहे.”

तिघं नदीवर गेलो. खाणी होत्या तेव्हा ही नदी शाईसारखी वाहायची, आता तळाचे गोटे दिसतात. ह्यांनी पँट दुमडून पाण्यात उतरून मूर्ती सोडली, के.ने त्यांचा कोट धरला, घसरू नये म्हणून. परत आलो. जेवली नाही, बस होती. दोघं इंग्रजीत बोलले. प्लीज, थँक यू. घरात इंग्रजी आलं की मला थंडी वाजते.

पण कोट धरला होता. दोन्ही हातांनी.

१२ सप्टें., शुक्र.

काल स्कॉटलंडने घसघशीत ‘यस’ दिलं. के. फोनवर नाचत असावी. आता पुढच्या गुरुवारी आपण.

(‘आपण’ लिहिलं. खोडत नाही.)

ह्यांनी पंचांग काढलं. “गुरुवारी पितृपक्ष. पितृपक्षात कोणी नवी चूल मांडतं का?” मी म्हटलं, हे सरकारला कळवा. हसले. पण आता वाद घालायला समोर कोणी नाही, त्यामुळे विनोदही फुकट जातो.

संध्याकाळी दोन तास ग्विलिमकडे होते. ड्राफ्ट्स खेळत होतो म्हणाले. सोंगट्यांचा डबा मात्र आमच्याच कपाटात.

१४ सप्टें., रवि.

आली नाही, अपेक्षाच नव्हती, शेवटचा रविवार प्रचाराचा. हे पुन्हा ‘ड्राफ्ट्स’. खिडकी उघडी होती. ग्विलिमचा आवाज: “नाही, नाही. जीभ दातांना लावा. परत.”

१८ सप्टें., गुरु.

मत दिलं.

चॅपलच्या मागच्या खोलीत. सकाळी सर्जरीच्या आधी गेलो, दोघं. पाऊस. टेबलावरच्या बाई माझ्याच हातून दर महिन्याला प्रिस्क्रिप्शन नेतात, तरी गंभीरपणे नाव विचारलं. कागदावर दोन ओळी. असेंब्ली असावी हे मला मान्य आहे. मान्य नाही. पेन्सिल दोरीला बांधलेली.

मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. ह्यांचे अण्णा आठवले, मान खाली घालून जाणारे. मग के. आठवली. लाल सिग्नलला साडी सावरत रस्ता ओलांडणारी, मान ताठ. एकाच रक्ताची दोन माणसं. रेघ हलल्याने एक जण परका झाला आणि दुसरीला रेघ हवी आहे कारण ती परकी नाही. दोघंही मला बरोबरच वाटतात. मान्य आहेवर फुली मारली. फुली वाकडी आली. मोजतील ना?

हे पलीकडच्या खणात. माझ्यानंतर बाहेर आले. मी विचारलं नाही. गाडीत म्हणाले, “पेन्सिलीला टोक नव्हतं.” बस, एवढंच.

१९ सप्टें., शुक्र.

काल वेळेवर निजलो. मोजणी उशिरापर्यंत चालणार होती आणि आकडे ‘नो’कडे झुकलेले. सकाळी सहाला रेडिओ लावला. ‘यस’! सगळ्या वेल्समध्ये मिळून सात हजारांच्या आत फरक. म्हणे शेवटच्या मोजणीपर्यंत हरतच होते.

सात हजारांच्या आत! त्यात माझी वाकडी फुली. ह्यांनी ‘नो’ दिलं असेल तर आम्ही दोघांनी एकमेकांचं मत खाल्लं, घरातून शून्य. आणि दिलं नसेल तर... हे दाढी करत होते. आरशातून म्हणाले, “निम्म्यांना नको होतं. जिंकलेल्यांनी हे विसरू नये.” ह्यावरून काहीच कळत नाही. दोन्ही बाजूंचा माणूस हे म्हणू शकतो.

ग्विलिम कुंपणाशी उभा, कोट नाही, टोपी नाही, डोळ्यांतून धारा. “ही घराची चूल नव्हे,” म्हणाला, “नुसती काडी पेटली. पण पेटली.” (चुलीचं ह्यांच्याकडून शिकला. आता व्हॅलीभर होणार.) मग ह्यांचा हात धरून वेल्शमध्ये काही बोलला. मला एकच शब्द कळला. टी.

हे तिथेच उभे. पेशंट खोळंबले होते, तरी उभे.

के.चा फोन लागेना. मशीनवर मी मराठीत बोलले. रविवारी ये.

२१ सप्टें., रवि.

सकाळपासून हे ओट्याभोवती. लीक स्वतः धुतले, स्वतः चिरले, जाड. मध्येच पुटपुटतात. मी लक्ष नाही असं दाखवलं.

बाराच्या बसने आली. आवाज पूर्ण गेलेला, घोगरा. आठवडाभर झोपली नसेल, गालांची हाडं दिसत होती. दार ह्यांनी उघडलं. मी मागे, हातात लाटणं.

नमस्कार नाही, हॅलो नाही. परीक्षेला बसल्यासारखे ताठ उभे राहून म्हणाले, “उइट टी वेदी बुइटा?”

तू जेवलीस का.

के. पायपुसण्यावर उभी. ह्यांच्याकडे बघत राहिली. उच्चारात एक-दोन चुका असणार, मला काय कळतं, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यावरून कळलं की आहेत. दुरुस्त केल्या नाहीत.

“नाग अदू,” म्हणाली. मग मराठीत, “नाही जेवले, बाबा.” आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पिशवी हातातच. हे तिच्या पाठीवर थोपटत होते. तपासताना थोपटतात तसं आधी, मग तसं नाही.

जेवताना पाचव्या पोळीला तिने विचारलंच. विचारणारच होती.

“बाबा, खरं सांगा. यस दिलं की नो?”

ह्यांनी तिच्या पानात पीठ पेरलेले लीक वाढले. परत थोडे वाढले.

“आणि उद्या कधी पूर्ण वेगळी झाली ही... हा...” के. थांबली. “वेल्स पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, बाबा? मराठीत?”

हे वाटी हातात घेऊन थांबले. खरोखर विचार करत होते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला व्याकरणात अडलेलं पाहिलं नव्हतं.

“माहीत नाही,” म्हणाले. “अजून ठरायचंय. आधी जेव.”

पोळ्या कमी पडल्या. भात लावला.